निर्मिती आणि उत्क्रांती: ख्रिस्ती लोकांची भूमिका नेमकी काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न वर्षानुवर्षं तेच येतात. विचारणारे कधी ख्रिस्ती असतात, कधी नसतात. काहींना खरंच उत्तर हवं असतं, काहींना मी कुठल्या बाजूची ते जाणून घ्यायचं असतं. म्हणून आधीच सांगते: मी श्रद्धा बाळगणारी ख्रिस्ती आहे आणि जीवसृष्टी उत्क्रांतीने घडली हे मला पटलेलं आहे. ज्या बंधुभगिनींना ते पटत नाही, त्यांचं म्हणणं त्यांना स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचा प्रयत्न इथे केला आहे. बायबलमधले अध्याय आणि ओव्या दिल्या आहेत. त्या जरूर उघडून वाचाव्यात.

१. ख्रिस्ती माणूस उत्क्रांती मानू शकतो का?

हो. असे ख्रिस्ती या शास्त्रात पहिल्यापासून आहेत. उत्क्रांतीच्या प्रकाशात पाहिल्याशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, हे जीवशास्त्राच्या वर्गात हमखास ऐकू येणारं विधान थिओडोसियस डोब्झान्स्की यांचं, १९७३ सालचं. ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते, आणि आपण निर्मितीही मानतो व उत्क्रांतीही मानतो, असं त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं आहे. नैसर्गिक निवडीला गणिताचा पाया देणारे रोनाल्ड फिशर अँग्लिकन होते. मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स इव्हँजेलिकल ख्रिस्ती आहेत. खुद्द डार्विनने १८७९ मधल्या एका पत्रात म्हटलं होतं की माणूस निष्ठावंत ईश्वरवादी आणि उत्क्रांतीवादी एकाच वेळी असू शकतो, याबद्दल शंका घेणंच विचित्र आहे.

२. मग ख्रिस्ती लोकांमध्ये या विषयावर नेमकी किती मतं आहेत?

ढोबळमानाने चार, आणि त्यांच्या सीमारेषा पुसट आहेत.

पहिलं मत तरुण पृथ्वीवाद्यांचं. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातले सहा दिवस म्हणजे आपले नेहमीचे दिवस, पृथ्वीचं वय सहा ते दहा हजार वर्षं, प्रत्येक प्रकारचा जीव देवाने स्वतंत्रपणे घडवला, आणि नोहाचा जलप्रलय साऱ्या पृथ्वीवर आला, असं हे लोक मानतात. देवाचं वचन सरळ आहे, त्याला शास्त्रज्ञांच्या मताप्रमाणे वाकवू नये, ही त्यांची तळमळ आहे. ती खरी आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांशी माझं पटत नाही.

दुसरं मत प्राचीन पृथ्वीवाद्यांचं. पृथ्वी कोट्यवधी वर्षांची आहे हे ते मानतात, जीवजातींची उत्क्रांती मात्र मानत नाहीत. काहींच्या मते प्रत्येक 'दिवस' म्हणजे एक प्रदीर्घ युग. हे मत एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधला पाथरवट आणि भूशास्त्रज्ञ ह्यू मिलर याने लोकप्रिय केलं. काहींच्या मते उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या ओवीच्या मध्ये फार मोठा काळ लोटला. हा विचार टॉमस चामर्स या स्कॉटिश पाळकाने १८१४ च्या सुमारास मांडला होता. दोन्ही विचार डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथापूर्वीचे आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखं.

तिसरं मत इंटेलिजंट डिझाइनचं; त्याबद्दल प्रश्न १२ पहा. चौथं मत उत्क्रांतीद्वारे निर्मिती मानणाऱ्यांचं: सर्वकाही देवाने निर्माण केलं, आणि सजीवांच्या बाबतीत त्याने वापरलेला मार्ग म्हणजे उत्क्रांती. मी या चौथ्या गटातली.

३. बायबलमध्ये सहा दिवस स्पष्ट लिहिलेत. ते २४ तासांचे नव्हते, ही पळवाट नाही का?

विज्ञानाने कोंडीत पकडल्यावर शोधलेली पळवाट असती तर तुमचा संशय रास्त ठरला असता. पण ही शंका ख्रिस्ती मंडळीला फार जुनी आहे. पहिल्या दिवशी 'संध्याकाळ झाली व सकाळ झाली' असं लिहिलंय, आणि सूर्य तर चौथ्या दिवशी निर्माण होतो. सूर्याशिवाय संध्याकाळ कशी, असा प्रश्न ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकात विचारला होता, आणि समंजस माणूस हे शब्दशः घेणार नाही असं त्याचं म्हणणं होतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर ग्रंथ लिहायला बसला आणि या निष्कर्षाला आला की देवाने सगळं एका क्षणात निर्माण केलं. सहा दिवस ही ते समजावून सांगण्याची मांडणी आहे. उलट चौथ्या शतकातल्या संत बासिलने दिवस नेहमीच्याच अर्थाने घेतले. दोघेही संत, दोघांनाही मंडळीने कवटाळलं.

ऑगस्टीनला आजच्या विज्ञानाचा साथीदार करण्याचा मोह मात्र टाळावा. जग सहा हजार वर्षांपेक्षा जुनं नाही असंच तोही मानत होता.

अध्यायाची रचना पाहा. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी प्रकाश देणाऱ्या ज्योती. दुसऱ्या दिवशी जल आणि अंतराळ, पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी. तिसऱ्या दिवशी कोरडी भूमी, सहाव्या दिवशी त्या भूमीवरचे पशू आणि माणूस. आधी तीन दिवस घर उभं राहतं, पुढचे तीन दिवस ते भरतं. एवढी घोटीव मांडणी करणारा लेखक घड्याळ लावून वृत्तांत देत होता, असं मला वाटत नाही.

तरुण पृथ्वीवाद्यांचा भक्कम मुद्दा निर्गम २०:११ हा आहे. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा या आज्ञेचं कारण तिथे देवाचे सहा दिवस असं दिलंय. त्याला माझं उत्तर एवढंच की सातव्या दिवशी 'संध्याकाळ झाली व सकाळ झाली' हे शब्द येतच नाहीत. देवाचा विसावा २४ तासांत संपला असं पवित्र शास्त्र म्हणत नाही. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तर तो अजून खुला आहे.

४. उत्पत्तीत निर्मितीच्या दोन कथा आहेत, हे खरं का?

खरं आहे. दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचा. पहिल्या अध्यायात वनस्पती, मग जलचर व पक्षी, मग पशू, आणि शेवटी नर व नारी एकदमच. दुसऱ्या अध्यायात चौथ्या ओवीपासून पाहिलं तर शेतात अजून काही उगवलेलं नसताना देव मातीपासून मनुष्य घडवतो (२:५-७), मग बाग लावतो, मग मनुष्याला एकटेपणा नको म्हणून पशुपक्षी घडवून त्याच्याकडे आणतो (२:१९), आणि सगळ्यात शेवटी स्त्री. पहिल्यात देव शब्दाने निर्माण करतो, दुसऱ्यात कुंभारासारखे हात मातीत घालतो.

अनेक तरुण पृथ्वीवादी म्हणतात की दुसरा अध्याय सहाव्या दिवसाचाच तपशील सांगतो. तसं वाचता येतं, पण २:१९ मधलं क्रियापद 'आधी घडवले होते' असं फिरवून घ्यावं लागतं. मला यात वेगळंच दिसतं. ज्याने ही दोन प्रकरणं एकापाठोपाठ ठेवली, त्याला क्रमातला फरक नक्की दिसत होता. त्याने तो पुसला नाही.

५. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय?

कुठेही नाही. तो आकडा वंशावळींतली वयं बेरजेला घेऊन काढलेला आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये निर्मितीची तारीख इ.स.पू. ४००४, २३ ऑक्टोबरच्या आदली संध्याकाळ अशी ठरवली. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात त्यांच्या तारखा छापल्या जाऊ लागल्या आणि पिढ्यानपिढ्या लोकांना त्या वचनाचाच भाग वाटल्या. पण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्याच वंशावळींतली वयं वाढीव आहेत. त्यामुळे पूर्वेकडच्या बायझंटाइन मंडळीने निर्मितीचं वर्ष इ.स.पू. ५५०९ धरलं होतं. वंशावळींत मधल्या पिढ्या गाळल्या जातात हेही आहेच. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात यहूदाचे काही राजे सरळ वगळलेले आहेत.

पृथ्वी फार जुनी आहे हे ओळखणाऱ्यांत डार्विनपूर्वीचे कितीतरी भूशास्त्रज्ञ धर्मोपदेशक होते. केंब्रिजचे ॲडम सेजविक त्यांपैकी एक. त्यांनी शेवटपर्यंत डार्विनला विरोध केला, पण खडकांचं वय नाकारलं नाही. 'वय' आणि 'उत्क्रांती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणांतल्या शिशाच्या मोजणीवरून सुमारे ४५५ कोटी वर्षं हा आकडा काढला. आजचा आकडा त्याच्या अगदी जवळ आहे.

६. देवाने पृथ्वी जुनी दिसेल अशीच घडवली असेल तर?

फिलिप गॉस या धार्मिक निसर्गतज्ज्ञाने १८५७ मध्ये हेच मांडलं: आदाम जसा पूर्ण वाढलेला घडवला गेला, तसेच खडकही जीवाश्मांसकट. हे खोडून काढणं अशक्य आहे. कालचा दिवसही असाच आयता घडवला गेला असेल, हेही खोडता येत नाही. अडचण देवाच्या स्वभावाची आहे. न जगलेल्या प्राण्यांची हाडं, त्यांच्या पोटातलं न खाल्लेलं अन्न, न झालेल्या जखमांचे भरून आलेले व्रण देवाने खडकात लिहून ठेवले, असं म्हटलं तर तो आपल्याला फसवतो असं म्हणावं लागेल. आकाश देवाचा महिमा वर्णन करतं असं स्तोत्र १९ सांगतं. ते खोटं वर्णन करत असेल असं मी मानायला तयार नाही.

७. कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका काय?

पोप पायस बारावे यांनी १९५० च्या परिपत्रकात मानवी शरीर आधीच्या सजीवांपासून आलं का, याचा अभ्यास करायला मोकळीक दिली. आत्मा मात्र प्रत्येक वेळी थेट देव निर्माण करतो, ही अट ठेवली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीला पाठवलेल्या संदेशात म्हटलं की नव्या ज्ञानामुळे उत्क्रांतीला आता नुसतं गृहीतक म्हणता येत नाही. त्याच अकादमीपुढे २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस म्हणाले की देव हा जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे. उत्क्रांती मानलीच पाहिजे अशी सक्ती कुणावर नाही. १९५० च्या परिपत्रकातली दुसरी अट आदामाबद्दल होती. ती प्रश्न १० मध्ये आहे.

८. आणि प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स?

प्रोटेस्टंटांना एक पोप नाही, म्हणून एक उत्तरही नाही. अँग्लिकन, मेथडिस्ट आणि बऱ्याच लुथरन व प्रेस्बिटेरियन मंडळ्यांना उत्क्रांतीची अडचण वाटत नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांची श्रद्धासूत्रं सहा शब्दशः दिवस आणि अलीकडची निर्मिती मानतात. बॅप्टिस्ट व पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत तरुण पृथ्वीवादी मोठ्या संख्येने आहेत, पण तिथेही पाळकागणिक फरक असतो. ऑर्थोडॉक्स चर्चने सर्वांवर बंधनकारक असा निर्णय दिलेला नाही; तिथे दोन्ही टोकं भेटतात.

९. म्हणजे माणूस माकडापासून झाला असं मानायचं? मग 'देवाच्या प्रतिरूपाचा' या वचनाचं काय?

आजच्या माकडांपासून नव्हे. चिंपांझीचे आणि आपले पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एकच होते. याचा एक पुरावा सांगते, कारण तो पाहिल्यावर माझी स्वतःची शंका फिटली. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, आपल्यात २३. सामाईक पूर्वज असेल तर एक जोडी गेली कुठे? आख्खी जोडी गळून पडणं परवडणारं नव्हतं. तपासात आढळलं की आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र त्यांच्या दोन गुणसूत्रांशी लांबीभर जुळतं. गुणसूत्राच्या टोकांना एक ठरावीक अक्षरक्रम पुन्हापुन्हा येतो. आपल्या या गुणसूत्रात तो टोकांना तर आहेच, पण मध्यभागीही आहे, समोरासमोर जोडलेला. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक मध्यबिंदू असतो, इथे दुसऱ्या निकामी मध्यबिंदूचे अवशेषही सापडतात. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळल्याची ही खूण आहे.

प्रतिरूपाबद्दल बोलायचं तर पवित्र शास्त्र ते आपल्या शरीराच्या उगमावर टेकवत नाही. उत्पत्ती १:२६-२८ मध्ये प्रतिरूपाबरोबर लगेच येतं ते काम: सृष्टीवर देवाच्या वतीने सत्ता चालवणं, तिची निगा राखणं. शरीराबद्दल दुसरा अध्याय सांगतो की ते मातीचं आहे. मातीपासून घडलो म्हणताना ज्याला कमीपणा वाटत नाही, त्याला प्राण्यांच्या नात्याचा कमीपणा का वाटावा, हे मला कळलेलं नाही.

१०. आदाम आणि हव्वा खरोखर होऊन गेले का?

सगळ्यात कठीण प्रश्न हाच आहे, आणि उत्क्रांती मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांतही इथे एकमत नाही.

अडचण दोन्हीकडून आहे. एकीकडे प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर उभं करतो: एका माणसाच्या द्वारे पाप जगात आलं, एकाच्या द्वारे कृपा आली. दुसरीकडे आजच्या माणसांतली जनुकीय विविधता पाहता आपल्या पूर्वजांची संख्या अलीकडच्या काळात कधी दोनवर आली असावी असं दिसत नाही. अंदाज हजारांतले आहेत.

यातून निघालेले मार्ग असे. काहींच्या मते आदाम-हव्वा हे खरं जोडपं, पण त्या काळी एकटं नव्हे. देवाने मोठ्या समूहातून त्यांना निवडलं, त्यांच्याशी नातं जोडलं, आणि त्यांनी सगळ्यांच्या वतीने आज्ञा मोडली. जोशुआ स्वामीदास या जीवशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये आणखी एक शक्यता दाखवली. काही हजार वर्षांपूर्वी देवाने थेट घडवलेलं जोडपं, त्यांची संतती बागेबाहेरच्या लोकांत मिसळली, आणि येशूच्या काळापर्यंत ते सर्वांचेच पूर्वज झाले. वंशावळ अशी झपाट्याने पसरते, त्यामुळे जनुकशास्त्र याच्या आड येत नाही. तिसऱ्या गटाला आदाम म्हणजे अख्ख्या मानवजातीची गोष्ट वाटते. इतिहासातला पुरुष नव्हे.

कॅथलिक भूमिका पहिल्याच्या जवळ आहे. १९५० च्या परिपत्रकानुसार आदामानंतर त्याच्या वंशाचे नसलेले खरे मानव होते, असं मानायची मुभा नव्हती, कारण त्याचा आदिपापाशी (आदामाचं पाप साऱ्या मानवजातीला लागतं या शिकवणीशी) मेळ कसा घालायचा ते दिसत नाही. १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ म्हणतो की उत्पत्तीचा तिसरा अध्याय रूपकात्मक भाषा वापरतो, पण मानवी इतिहासाच्या आरंभी खरोखर घडलेली घटना सांगतो.

स्वतः कथा वाचताना चौथ्या अध्यायाकडे दुर्लक्ष करू नका. हाबेलाचा खून झाल्यावर काइन देवाला म्हणतो, जो कोणी मला भेटेल तो मला ठार मारील. कोण भेटणार? मग तो नोद देशी जातो, त्याची पत्नी गर्भवती होते आणि तो नगर बांधतो. ती पत्नी त्याची बहीण होती, असं परंपरेने मानलं आहे, आणि ५:४ मध्ये आदामाला मुली झाल्याचा उल्लेख आहे. पण नगर वसवायला माणसं लागतात. कथेच्या पार्श्वभूमीला आणखी लोक वावरत आहेत असं वाटावं इतकी जागा लेखकाने ठेवली आहे. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे.

११. मरण पापामुळे आलं असं पवित्र शास्त्र म्हणतं. मग माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत होते ते कसं?

रोमकरांस पत्र ५:१२ नीट वाचा: मरण 'सर्व माणसांमध्ये' पसरलं. प्राण्यांचा तिथे उल्लेख नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी बजावलं होतं की आज मांस खाणारे प्राणी पतनापूर्वी, म्हणजे आदामाच्या पापापूर्वी, गवत खात होते असं म्हणणं सयुक्तिक नाही. माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही. स्तोत्र १०४:२१ मध्ये तरणे सिंह शिकारीसाठी गर्जना करतात आणि देवाजवळ आपलं अन्न मागतात. तिथे ही शिकार शापाची खूण नाही, देवाच्या स्तुतीचा भाग आहे. तरुण पृथ्वीवादी उत्पत्ती १:३० दाखवतात, जिथे पशूंना हिरव्या वनस्पती अन्न म्हणून दिल्या आहेत, आणि यशयाच्या अकराव्या अध्यायातला गवत खाणारा सिंह. ही वचनं हलकी नाहीत.

'ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील' असं देवाने सांगितलं, आणि त्यानंतर आदाम कितीतरी वर्षं जगला. एकूण ९३० वर्षं (५:५). तेव्हा इथलं मरण आधी देवापासून तुटण्याचं आहे, असं अनेक भाष्यकार मानतात. मीही मानते.

पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. डार्विनला छळणारी गोष्ट निराळी होती. एका जातीची गांधीलमाशी सुरवंटाच्या अंगात अंडी घालते आणि तिच्या अळ्या तो सुरवंट जिवंतपणी आतून खातात. कृपाळू देवाने हे मुद्दाम घडवलं असं माझ्याने मानवत नाही, असं त्याने १८६० मध्ये असा ग्रे या ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं. एवढ्या वेदनेचा मार्ग देवाने का निवडला, याचं मला पुरेसं वाटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही. सृष्टी स्वतंत्रपणे घडावी म्हणून, असं काही म्हणतात. सारी सृष्टी प्रसूतिवेदना भोगत कण्हत आहे, असं पौल म्हणतो (रोम ८:२२), आणि प्रसूती पुढे कशासाठी तरी असते. मला आधार वाटतो तो याचा की आमचा देव या वेदनेच्या बाहेर उभा राहिला नाही. तो क्रुसावर गेला. हे स्पष्टीकरण नव्हे, हे मला माहीत आहे. आणि दोन्ही पक्षांनी हे ओळखावं की प्रत्येक प्राणी देवाने स्वतंत्रपणे घडवला म्हटलं तर ही गांधीलमाशी अधिकच अवघड होते.

१२. इंटेलिजंट डिझाइन म्हणजे काय? ते उत्क्रांतीला ख्रिस्ती पर्याय आहे का?

जिवाणूच्या शेपटीसारखी काही यंत्रणा इतकी गुंतागुंतीची आहे की एकही भाग काढला तर ती बंद पडते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडू शकत नाही, तिला योजक हवा, हा त्याचा गाभा. प्रमुख पुरस्कर्ते मायकेल बीही कॅथलिक आहेत आणि सामाईक पूर्वज त्यांना मान्य आहेत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावी शाळामंडळाने हा विचार विज्ञानाच्या तासाला आणला, तेव्हा पालक कोर्टात गेले. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी हे विज्ञान नाही असा निकाल दिला. पालकांच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हेही कॅथलिक. शेपटीतले काही भाग इतर जिवाणूंत वेगळं काम करताना सापडतात, हे त्यांनी दाखवलं.

माझा आक्षेप धर्माच्या बाजूने आहे. आपल्याला न उलगडलेल्या जागी देवाला बसवलं, तर प्रत्येक शोधागणिक त्याला मागे सरकावं लागतं. १९४४ मध्ये तुरुंगातून लिहिताना जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहॉफर यांनी हेच सांगितलं: देव जे ठाऊक आहे त्यात शोधायचा, जे ठाऊक नाही त्यात नव्हे.

१३. उत्परिवर्तन (जनुकांतला बदल) योगायोगाने होतं म्हणतात. मग देवाला काम काय उरलं?

स्तोत्र १३९:१३ मध्ये स्तोत्रकर्ता म्हणतो की देवाने मला आईच्या उदरात घडवलं. हे वचन म्हणताना आपल्यापैकी कुणी गर्भविज्ञान नाकारत नाही. पेशी कशा विभागतात हे माहीत असूनही आपण देवाचे आभार मानतो. व्यक्तीच्या बाबतीत जे सहज मान्य, ते जीवजातींच्या बाबतीत का नको? अक्विनास यांनी ही मांडणी केव्हाच केली होती: देव मूळ कारण, निसर्गातली कारणं दुय्यम, आणि दोन्ही एकाच कार्यात पूर्णपणे कामाला असतात. योगायोगाबद्दल नीतिसूत्रे १६:३३ पाहा: चिठ्ठी ओटीत टाकतात, पण निर्णय परमेश्वराचा असतो. 'आपल्याला आधी सांगता येत नाही' यावरून 'देवालाही ठाऊक नाही' असं ठरत नाही.

१४. डार्विनचा ग्रंथ आला तेव्हा सगळ्या ख्रिस्ती जगाने विरोध केला होता ना?

सगळ्या नाही. ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये आला. जानेवारी १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत डार्विनने एका धर्मोपदेशकाच्या पसंतीच्या पत्रातला मजकूर घातला. ते चार्ल्स किंग्स्ली. अमेरिकेत डार्विनची बाजू लढवली ती असा ग्रे यांनी. त्याच वेळी प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ चार्ल्स हॉज यांनी १८७४ मध्ये डार्विनवाद म्हणजे नास्तिकता असा निवाडा दिला. गंमत वाटेल, पण त्याच प्रिन्स्टनमधले पुढच्या पिढीतले बी. बी. वॉरफील्ड बायबल निर्दोष आहे याचे खंदे पुरस्कर्ते असूनही उत्क्रांतीची शक्यता मोकळेपणाने मान्य करत.

१९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याचा खटला चालला. बायबलच्या बाजूने उभे असलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उलटतपासणीत विचारलं गेलं, पृथ्वी सहा दिवसांत झाली असं तुम्ही मानता का? ते म्हणाले, २४ तासांच्या सहा दिवसांत नव्हे. त्या काळी कट्टर उत्क्रांतीविरोधकांतही तरुण पृथ्वीवाद सार्वत्रिक नव्हता. तो आजच्या रूपात पसरला तो १९६१ नंतर, जॉन व्हिटकॉम्ब आणि हेन्री मॉरिस यांच्या जलप्रलयावरच्या पुस्तकामुळे.

१५. नोहाच्या जलप्रलयाने सगळे जीवाश्म तयार झाले असतील का?

नाही. एकाच पुराने सगळं गाडलं असतं तर थरांत सरमिसळ दिसायला हवी होती, पण जगभर क्रम तोच राहतो. ट्रायलोबाइट या फार प्राचीन, नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याच्या थरात ससा सापडत नाही. सेजविक आधी वरच्या गाळाचं कारण जलप्रलय सांगत. १८३१ मध्ये भूशास्त्र संस्थेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ते मत जाहीरपणे मागे घेतलं. प्रलयकथेत स्थानिक महापुराची आठवण असू शकते.

१६. येशूने स्वतः आदाम-हव्वेचा दाखला दिला. मग वाद कसला?

मार्क १०:६ मध्ये येशू म्हणतो की सृष्टीच्या आरंभापासून देवाने त्यांना नर व नारी असं निर्माण केलं. नावं तो घेत नाही. प्रश्न घटस्फोटाचा आहे आणि उत्तर विवाहाच्या पावित्र्याचं. या वचनाने आदाम ऐतिहासिक ठरतो असं काही मानतात, ठरत नाही असं काही मानतात. बाकीचं प्रश्न १० मध्ये.

१७. आमचे पाळक म्हणतात, उत्क्रांती मानणारा खरा ख्रिस्ती नाही. काय करू?

त्यांना नम्रपणे विचारा, प्रेषितांच्या किंवा नायसियाच्या मतांगीकारात (मंडळीच्या प्राचीन विश्वासकबुलीत) ही अट कुठे आहे. स्वर्ग व पृथ्वी यांच्या उत्पन्नकर्त्यावर विश्वास, एवढंच तिथे आहे. पद्धत नाही आणि कालावधीही नाही. वाद घालून मंडळी सोडू नका. उलट तुम्ही उत्क्रांती मानत असाल तर न मानणाऱ्याला अडाणी समजू नका. त्याच्या प्रार्थनेची खोली तुम्हाला ठाऊक नसते.

मुलांच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. 'बायबल किंवा विज्ञान, एक निवड' असं मुलाला सांगू नये. सोळाव्या वर्षी त्याच्या हाती जीवशास्त्राचं चांगलं पुस्तक येतं आणि तो निवडतो. ऑगस्टीनचा इशारा सोळाशे वर्षांपूर्वीचा आहे. निसर्गाबद्दल अविश्वासणाऱ्यांना नीट ठाऊक असलेल्या गोष्टींत ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने चुकीचं बोलला, तर पुनरुत्थानाबद्दल ते त्याच शास्त्रावर कसा विश्वास ठेवतील?

१८. डार्विनने मरताना उत्क्रांती नाकारून येशूला स्वीकारलं, हे खरं का?

नाही. ही कथा 'लेडी होप' या नावाने १९१५ मध्ये अमेरिकेतल्या एका बॅप्टिस्ट नियतकालिकात छापून आली आणि तेव्हापासून उपदेशांत फिरते आहे. डार्विन १८८२ मध्ये वारला. त्याची मुलगी हेन्रिएटा शेवटच्या आजारात त्याच्याजवळ होती; १९२२ मध्ये तिने लेखी खुलासा केला की लेडी होप त्या काळात आलीच नव्हती आणि वडिलांनी आपलं कोणतंही शास्त्रीय मत मागे घेतलं नव्हतं. डार्विन उतारवयात स्वतःला अज्ञेयवादी म्हणवत असे. व्यासपीठावरून ही कथा कुणी सांगितली तर उपासनेनंतर त्यांना बाजूला घेऊन हे सांगा.